बांगडी दाखवेल त्या रंगाचं गाणं

लकडगंजात मधुकररावांची लाकडाची वखार होती. १९७६ च्या मे महिन्यात तिथं त्यांच्या मुलीचं, देवकीचं, लग्न झालं आणि एकाच मांडवात दोन भोंगे वाजले. त्या दुपारी माझं काय जायची वेळ आली होती आणि ते कसं राहिलं, ते सांगते. मध्ये मध्ये मी कुणाकुणाला नावं ठेवीन. तो माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही.

दोन भोंग्यांपैकी एक आमचा. माझे वडील नत्थूजी लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचे. आमच्याकडे एक मशीन, एक भोंगा, दीडशे रेकॉर्ड आणि त्या ठेवायला एक पत्र्याची पेटी होती. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण सुई टेकल्यावर गाण्याआधी जी खरखर होते ना, ती ऐकून ते गाणं सांगायचे. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर मांडवांतून हिंडले. तारा जोडणं, भोंगा झाडावर बांधणं, सुई बदलणं, सगळं मला येत होतं. मॅट्रिक झाल्यावर मी आईला सांगून टाकलं की मला शिवणकाम शिकायचं नाही, मी भोंगाच चालवणार. आईनं कपाळाला हात लावला.

लग्नात लोक गाणी रंगावर मागतात, हे भोंगा लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. सिनेमाचं नाव कुणी सांगत नाही. हळद लागली की बायका म्हणतात, पिवळं लावा. चुडा भरायला बसल्या की हिरवं लावा. वरात निघाली की नाचणाऱ्यांना लाल पाहिजे, आणि विहिणींची थट्टा सुरू झाली की गुलाबी. आणि त्या काळातली गाणीही तशीच! हिरव्या बसचं गाणं होतं, लाल कंदिलाचं होतं, पिवळ्या पागोट्याचं, गुलाबी पत्राचं, निळ्या छत्रीचं होतं. छत्री निळी असली काय आणि काळी असली काय, पावसाला काय फरक पडतो? पण गाण्यात रंग आला की लोक खूश.

म्हणून बाबांनी एक युक्ती केली होती. संक्रांत झाली की उरलेले पतंगाचे कागद आणायचे आणि गाण्यात जो रंग असेल त्या रंगाचा तुकडा रेकॉर्डच्या पाकिटावर खळीनं चिकटवायचा. पेटीत पिवळे एकीकडे, हिरवे एकीकडे, लाल एकीकडे. कुणी रंग मागितला की बाबांचा हात नेमका तिथं जायचा.

मला मात्र त्या पेटीची लाज वाटायची. मॅट्रिक पास मुलीच्या घरात असलं बालवाडीसारखं काम! बाबा एक दिवस सीताबर्डीला गेले होते. कशाला गेले ते मी विचारलं नाही, आणि हे मी अजून स्वतःला सुनावते. मी पेटी उपसली, ओल्या फडक्यानं सगळे कागद खरवडून काढले, प्रत्येक पाकिटावर सुंदर अक्षरात सिनेमाचं नाव लिहिलं आणि अ आ इ ई करत दीडशे रेकॉर्ड ओळीत लावल्या. खरवडलेले कागद चुलीत घातले.

बाबा आले. त्यांनी पेटीतून एक पाकीट काढलं, डोळ्यांजवळ धरलं, दुसरं काढलं, त्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "चांगलं केलं."

एवढंच. मी आणखी कौतुकाची वाट बघत राहिले.

आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं की मशीन आनंदरावाला विकून टाकतो. हा आनंदराव खापरखेड्याचा. वीज केंद्राच्या कॉलनीतली सगळी लग्नं त्याची. मिशीला पीळ, गळ्यात रुमाल, आणि बोलणं असं की नागपूरची सगळी वीज हाच रोज सकाळी डब्यात भरून पाठवतो.

"काहून?" मी विचारलं.

"आता होत नाही मायाच्यानं."

"मी आहे ना! मी चालवीन."

"पाहू," बाबा म्हणाले, आणि वळून बसले.

त्या 'पाहू'चा अर्थ मी माझ्या मनानं लावला. पोरीच्या हातात मशीन द्यायची नाही. मुलगा असता तर दिली असती. मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. भांडी आपटली, दार आपटलं, जे जे आपटण्यासारखं होतं ते आपटलं.

ठरलं असं की देवकीचं लग्न हे आमचं शेवटचं. योगायोगानं नवरदेव खापरखेड्याचा होता आणि वऱ्हाडाबरोबर आनंदरावच येणार होता. लग्न लागलं की तिथूनच तो आमची मशीन घेऊन जाणार.

लग्नाच्या दिवशी वखारीतला लाकूड कापायचा आरा बंद होता. सागवानाचे ओंडके बाजूला रचले होते आणि पाहुणे त्यांच्यावरच बसले होते. मधोमध मांडव, कडेला पंगतीची जागा, आणि कोपऱ्यातल्या कडूलिंबाखाली आमचं ठाण. मेच्या उन्हात रेकॉर्ड वाकडी होते, म्हणून मी पेटीवर ओलं पोतं घातलं होतं. बाजूला बाबांसाठी पाण्याचा माठ. सकाळपासून मी एकटीच सगळं लावत होते. बाबा स्टुलावर बसून होते, हात मांडीवर ठेवून. मला राग येत होता. शेवटचा दिवस, तरी हात लावायचा नाही!

दहा वाजता वऱ्हाड उतरलं. आनंदरावानं समोरच्या ओंडक्यांवर आपली मशीन मांडली, भोंगा थेट आमच्या भोंग्याकडे तोंड करून बांधला आणि सुरू केला. मी सनईची रेकॉर्ड लावली होती, त्यानं ठेक्याचं गाणं लावलं. मी आवाज वाढवला. त्यानंही वाढवला. लिंबावरचे कावळे उडाले. भटजी कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडत होते, पण ते मंत्र होते की शिव्या ते कळत नव्हतं.

मधुकरराव धावत आले. "बंद करा गा दोघंही! देवकीच्या लग्नात एकच भोंगा वाजीन. कोणता, ते तुम्ही ठरवा."

"त्यात ठरवायचं काय?" आनंदराव मिशीला हात लावून म्हणाला. "ही मशीन संध्याकाळी मायीच होऊन राहिली. नत्थूजीनं शब्द देल्ला आहे. अन् भोंगा काय पोट्टीनं वाजवायची चीज आहे? जाय वं बाई, नवरीपाशी बस, मेंदी काढ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी मेंदी काढीन, पण तुमच्या मिशीले!" मी म्हणाले. ओंडक्यांवरची सगळी मंडळी हसली. वऱ्हाडीसुद्धा हसले.

मांडवाच्या कडेला कांताबाई बसल्या होत्या. बांगड्या भरणाऱ्या. लकडगंजातल्या प्रत्येक नवरीच्या हातात त्यांनी दाबून दाबून बांगडी चढवलेली. पुढ्यात टोपली, टोपलीत दोऱ्यांनी बांधलेले बांगड्यांचे जुडगे. देवकीचा हात त्यांच्या हातात होता. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भांडता कायले? मी टोपलीतून बांगडी काढून दाखवीन. तिच्या रंगाचं गाणं जो आधी वाजवीन त्याची बांगडी. पाच बांगड्या. तीन जो जिंकीन त्याचा भोंगा राहीन, दुसऱ्यानं आपला खाली उतरवायचा. नवरीचं चुडा भरणंही होईन अन् तुमचं भांडणही."

टाळ्याच टाळ्या! पंगतीची तयारी करणारे आचारीसुद्धा झारे घेऊन बाहेर आले.

मी सगळ्यांसमोर आनंदरावाला म्हणाले, "मी जिंकली तर मशीनही आमचीच राहीन. आहे कबूल?"

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मले कबूल आहे."

"मग मलेही," आनंदराव हसत म्हणाला. "घे म्हणा पोट्टीले हौस पुरवून."

दीडशे रेकॉर्ड, आणि सगळ्या मी स्वतःच्या हातानं लावलेल्या! हरायचं कारणच नव्हतं.

कांताबाईंनी हात वर केला. हिरवी बांगडी. मंडळी ओरडली, "हिरवा!"

हिरव्या बसचं गाणं, मी मनात म्हटलं, आणि पेटीत हात घातला. आणि हात तिथंच थांबला. हिरव्या बसचं गाणं कोणत्या सिनेमातलं? तोंडावर होतं, आठवेना. मी 'अ'पासून पाकिटं चाळायला लागले. अ, आ, इ... माझं सुंदर अक्षर माझ्याकडे बघत होतं. तेवढ्यात समोरून आनंदरावाच्या भोंग्यातून हिरव्या रानाचं गाणं सुरू झालं. वऱ्हाडी ओंडक्यांवर उभे राहून नाचायला लागले.

एक बांगडी त्याची.

"बाबा," मी दात खाऊन म्हणाले, "पुढची बांगडी तुम्ही पाहा अन् रंग सांगा. मी पेटीतच हात घालून बसते."

कांताबाईंनी दुसरी बांगडी काढली. मंडळींना आता मजा आली होती, कुणी काही भलतंच ओरडत होतं, कुणी शिट्या मारत होतं. मला रंग ऐकू आला नाही.

"बाबा, कोणता?"

बाबा स्टुलावर जरा पुढे सरकले.

"बाबा! कोणता रंग? ते काय, समोर तर धरली आहे!"

"लोकं काय म्हणून राहिले ते ऐक," बाबा हळूच म्हणाले.

मी मान वर करून पाहिलं. दहा पावलांवर कांताबाई बसल्या होत्या, त्यांच्या उंच धरलेल्या हातात पिवळीधमक बांगडी उन्हात चमकत होती. आंधळ्यालाही दिसली असती, असं आपण बोलताना म्हणतो. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कांताबाईंकडे बघतच नव्हते. त्यांचा चेहरा आवाजाकडे होता, थोडा डावीकडे वळलेला.

आनंदरावानं पिवळं गाणं लावलं. दुसरी बांगडी त्याची. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बाबांसमोर उकिडवी बसले.

"बाबा, तुम्हाले दिसत नाही?"

"जवळचं दिसते थोडंसं. भडक असलं तर." त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा केला, सुलटा केला. "बर्डीच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही म्हणते. पतंगाचा कागद दिसे मले. आता तूनं अक्षरं लेहली. अक्षर मले तेव्हाही वाचता येत नव्हतं अन् आता तर…"

मशीन पोरीच्या हातात द्यायची नाही म्हणून ते विकत नव्हते. मी त्यांचे डोळेच खरवडून चुलीत घातले होते, आणि वर शाबासकीची वाट बघत बसले होते. मला तिथल्या तिथं ओंडक्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"तर मले सांगितलं काहून नाही?"

"तू किती खुशीत होती," बाबा म्हणाले. "इतकं सुरेख लावलं होतं तूनं."

"शामला! बाई, झोपली काय वं?" कांताबाईंनी हाक मारली. "तिसरी काढून राहिली मी. ही गेली तर खेळ खतम!"

रडायला वेळ नव्हता. मी पदरानं डोळे पुसले, पदर खोचला आणि बाबांचं स्टूल ओढून माझ्या पेटीला भिडवलं. "बाबा, मी रंग सांगते. तुम्ही गाणं अन् सिनेमा सांगा. कोणत्या अक्षरात कोणती रेकॉर्ड आहे ते मले मालूम आहे."

"लाल!" मंडळी ओरडली.

"लाल, बाबा!"

बाबांनी डोळे मिटले. "लाल कंदिलाचं. ते नाही का, त्यात हिरो स्टेशनमास्तर असते…" आणि त्यांनी सिनेमाचं नाव सांगितलं. र! माझा हात सरळ 'र'वर गेला. पाकीट बाहेर, रेकॉर्ड थाळीवर, सुई खाली. पण त्याच क्षणी आनंदरावाचाही भोंगा वाजला! दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडली. वखारीत एकच गोंधळ. आमचे म्हणत, आमचं आधी. वऱ्हाडी म्हणत, आमचं आधी.

"थांबा!" बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज एवढा मोठा मी घरात कधी ऐकला नव्हता. "आनंदरावा, तुया गाण्यात लाल आहे कुठं?"

"आहे ना! लाल चोळी आहे!"

"ते दुसऱ्या कडव्यात. मुखड्यात फक्त पायातलं पैंजण आहे. चालू ठेव तुयं, लोकं ऐकतील."

मी आमचं बंद केलं. सगळी वखार आनंदरावाचं गाणं ऐकत उभी राहिली. मुखडा आला, गेला. पैंजण आलं. पुन्हा पैंजण आलं. लालचा पत्ता नाही. ओंडक्यावरचे एक म्हातारेबुवा म्हणाले, "अबे, लाल येईपर्यंत लग्नाची वेळ निघून जाईन!" हशा पिकला. कांताबाईंनी लाल बांगडी माझ्याकडे फेकली. मी ती झेलली आणि बाबांच्या मुठीत दिली.

आता माझ्या अंगात वारं शिरलं होतं. कांताबाईंनी चौथी बांगडी काढायला टोपलीत हात घातला, तेव्हा नवरीसुद्धा मान उंच करून बघत होती. तिची काकू तिला मान खाली घालायला सांगत होती, पण ऐकतंय कोण!

"गुलाबी!"

"गुलाबी, बाबा!"

"गुलाबी पत्राचं. दोन बहिणींचा सिनेमा…"

नाव पूर्ण व्हायच्या आत माझा हात 'स'मध्ये होता. आनंदराव अजून आपल्या ढिगात वाकलेला होता तोवर आमच्या भोंग्यातून गुलाबी पत्र वखारभर वाचलं जात होतं. मुलीकडच्या बायका ओंडक्यांवर बसूनच टाळ्या वाजवत ताल धरायला लागल्या. मधुकरराव, जे मघाशी भोंगे बंद करायला धावत आले होते, ते स्वतःच उपरणं फिरवत होते.

दोन आणि दोन. राहिली एक.

आनंदरावानं रुमालानं मान पुसली. आता तो हसत नव्हता. मी बाबांचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही. ही बांगडी गेली तर दुपारी लग्न लागेल आणि संध्याकाळी आमची मशीन खापरखेड्याच्या गाडीत चढेल. त्यानंतर बाबा घरात बसून काय करतील, ते मला आता पुरतं कळलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसतील.

कांताबाईंनी खूप वेळ टोपली ढवळली. मला वाटतं, त्या मुद्दाम करत होत्या. मग त्यांनी तळाचं एक जुडगं काढलं, त्यातली एक बांगडी सोडवली आणि वर धरली. कुणीच ओरडलं नाही. हिरवी म्हणावी तर निळी, निळी म्हणावी तर हिरवी.

"मोरपंखी," कांताबाई म्हणाल्या.

"हा काय रंग आहे?" आनंदराव उसळला. "सरळ रंग दाखवा ना!"

"माह्या टोपलीत आहे म्हणजे रंग आहे. अर्ध्या नागपूरच्या हातात हाच भरला मी. शोधा."

आनंदराव ढिगावर तुटून पडला. मी बाबांकडे वळले. "मोरपंखी, बाबा. आहे का आपल्यापाशी?"

बाबा खुदकन हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आहे ना वं. मोरपंखी पदराचं. माही सर्वांत पहिली रेकॉर्ड. तुया आईले दाखवाले मी ते मांडवात लावलं होतं, आमच्या लग्नाच्याही आधी. त्यावर मी दोन कागद लावले होते, एक हिरवा अन् एक निळा, अर्धा-अर्धा."

मला ते दोन कागद आठवले. ते काढताना मी म्हटलं होतं, बाबांना एवढंही नीट चिकटवता येत नाही.

"तिले चीर गेली आहे कडेले," बाबा म्हणाले. "पण वाजते. काढ लवकर."

मी पेटीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. ती रेकॉर्ड पेटीत नव्हती. चिरलेली म्हणून मी ती अ आ इ ई मध्ये घेतलीच नव्हती. तिचं पाकीटही फेकून दिलं होतं.

"शामे, काय झालं?"

"बाबा… ते माठावर आहे."

"कशावर?"

"माठावर. झाकण म्हणून."

बाबांनी 'अवं' म्हणून कपाळावर हात मारला, पण तोवर मी माठाकडे झेपावले होते. रेकॉर्डवरचा पेला खणकन खाली पडला. मी रेकॉर्ड उचलली, पाणी निथळवलं, पदरानं पुसली, पुन्हा पुसली. समोर आनंदराव एक पाकीट उंच धरून "सापडलं!" असं ओरडलासुद्धा. मी रेकॉर्ड थाळीवर टाकली आणि सुई टेकवली.

खर्र खट्, खर्र खट्, खर्र खट्. चीर प्रत्येक फेऱ्याला खटकत होती. मग बाईचा गोड आवाज आला. मुखड्याचा पहिलाच शब्द. "मोरपंखी…" आणि खट्! "मोरपंखी…" खट्! "मोरपंखी…" खट्! सुई अडकली होती. बाई पदरापर्यंत पोचतच नव्हती.

सगळी वखार हसत सुटली. मंडळी एका सुरात मोजायला लागली, "चार! पाच! सहा!" मी सुई सरकवायला हात घातला, पण माझ्या घाईच्या रेट्यानं चिरलेली रेकॉर्डच फुटली असती.

"हात काढ," बाबा म्हणाले.

त्यांनी चाचपत बोट पुढे आणलं आणि सुईच्या दांड्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे नुसतं टेकवलं. डोळे मिटलेलेच. मंडळी मोजतच होती. "नऊ! दहा!" बाबांनी चिरेचा एक खटका जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला, आणि तिसरा येण्याच्या किंचित आधी बोटानं नखाएवढा रेटा दिला. सुईनं चीर ओलांडली आणि मोरपंखी पदर असा काही भोंग्यातून उलगडला की मोजणारे मोजता मोजता गप्प झाले. मग एकदम टाळ्या, शिट्या, आरोळ्या! मी ओरडत होते, काय ओरडत होते कोण जाणे.

आनंदराव तरातरा आला. त्याच्या पाकिटातलं गाणं निघालं होतं नुसत्या मोराचं. "फुटकी रेकॉर्ड चालत नाही!" तो म्हणाला. "अडकली ना ते!"

"रंगाचं नाव एकदा घ्यायचं होतं," कांताबाई शांतपणे म्हणाल्या. "हिनं दहादा घेतलं. उतरव तुया भोंगा."

त्यानं उतरवला. आणि खरं सांगायचं तर नीट उतरवला, रागानं नाही. भोंगा खांद्यावर टाकून तो बाबांजवळ आला आणि त्यानं वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मघाचं स्टुलाजवळचं बोलणं त्यानं ऐकलं नव्हतं, पण मोरपंखीच्या वेळी त्यानं बाबांचे मिटलेले डोळे पाहिले होते. "नत्थूजी," तो म्हणाला, "मले उघड्या डोळ्यांनी हे जमत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मशीन ठेव वं बाई. मीही कुठं उचलत बसू एवढी जड." मिशीला मेंदी लावायची गोष्ट मी त्या दिवसापुरती मागे घेतली.

लग्नाला अजून दोन तास होते. पंगती उठत होत्या, वांग्याच्या भाजीचा वास वखारभर पसरला होता. मी बाबांना ताट आणून दिलं आणि कांताबाईंकडे गेले. त्यांच्यासमोर बांगड्यांच्या जुडग्यांचे सोडलेले दोरे पडले होते, चांगले जाड, पिळाचे. मी सगळे उचलले.

"कायले पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

"बाबांच्या पेटीले," मी म्हटलं.

मग मी लिंबाखाली मांडी घालून बसले. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि दोरा ओवला. पिवळ्याला एक गाठ. हिरव्याला दोन. लालला तीन, गुलाबीला चार, निळ्याला पाच. माझं अ आ इ ई मोडलं आणि दीडशे रेकॉर्ड पुन्हा रंगांप्रमाणे लावल्या, पिवळे एकीकडे, हिरवे एकीकडे. या वेळी रेकॉर्डला हात लावायच्या आधी दर खेपेला बाबांना विचारलं. ते घास घेता घेता सांगत होते.

अर्धं काम झालं असेल, तोच मांडवातून हाक आली. "नत्थूजी, नवरी मांडवात येऊन राहिली! हिरवं लावा!"

मी हातातला दोरा टाकून उठेपर्यंत बाबांचा हात पेटीत गेला होता. त्यांची बोटं दोऱ्यांवरून चालली. एक गाठ, सोडली. एक गाठ, सोडली. मग दोन. त्यांनी पाकीट ओढून माझ्यापुढे धरलं. "हिरव्या बसचं. लाव."

मी पाकिटावरचं माझं अक्षर वाचलं. बरोबर होतं. मी नुसती मान हलवली, आणि मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसत नाही. "बरोबर आहे, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. "एकदम बरोबर!"

हिरव्या बसच्या गाण्यावर देवकी मांडवात आली. गाणं अर्ध्यावर असताना बाबांनी विचारलं, "मोरपंखीले किती गाठी मारल्या?"

त्या रेकॉर्डला पाकीटच उरलं नव्हतं. मी तिला माझ्या पदराच्या, म्हणजे कालच इस्त्री केलेल्या नव्या पातळाच्या पदराच्या, फाडलेल्या तुकड्यात गुंडाळून पेटीत सगळ्यात पुढे ठेवलं होतं. मी बाबांचं बोट धरलं, त्या कापडाच्या आत नेलं आणि रेकॉर्डच्या कडेवर टेकवलं.

"तिले गाठ कायले पाहिजे, बाबा?" मी म्हणाले. "तिले चीर आहे ना."